कॅमोमाइल टी चालतो, पण कपावर बशी झाका

तुम्ही विचारलंय की रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, ऑफिसमधली मैत्रीण कॅमोमाइल टी घे म्हणते, तर त्याने खरंच झोप येते की नुसतं फॅड, आणि हे आपल्याकडे कधी होतं का.

मी पेडण्याचा, मोरजीला एका गेस्ट हाउसमधे सहा वर्षं नाइट शिफ्ट केलीय, त्यामुळे झोप उडणे या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. तिथे दर डिसेंबरला एक जर्मन आजी यायच्या. रात्री नऊला किचनमधे येऊन उकळतं पाणी आणि एक बशी मागायच्या, मला वाटायचं बशी बिस्किटांसाठी, मग एकदा बघितलं तर त्या आपल्या डबीतली सुकी फुलं कपात टाकून वर ती बशी झाकून ठेवायच्या, दहा मिनिटं मोजून, आणि उचलताना बशीच्या पोटाला जमलेले थेंब परत कपात झटकायच्या. म्हणाल्या, वास म्हणजे तेल, ते वाफेबरोबर गेलं तर उरतं पिवळं पाणी. आपण टी बॅग दोनदा बुचकळून काढतो आणि म्हणतो काय फरक पडला नाय!

त्यांच्याकडे याला कामिले म्हणतात आणि आपल्या आजीचा ओवा तशी तिची जागा, पोट दुखलं की तोच काढा, हिरडी सुजली की त्याच्याच गुळण्या, सर्दी झाली की वाफारा. नाव मूळ ग्रीक, अर्थ जमिनीवरचं सफरचंद, कारण फूल चुरडलं की सफरचंदासारखा वास येतो. स्पॅनिशमधे पण मान्सानिया म्हणजे छोटं सफरचंदच, फक्त त्याच नावाची तिथे एक वाइनही मिळते, तेव्हा ऑर्डर देताना जपून :) आणि हे आपल्याकडे अगदीच परकं नाय, युनानी हकीम यालाच बाबूना म्हणतात, सांधे दुखले की बाबून्याचं तेल चोळतात. कोकण-गोव्यात मात्र कुणाच्या परसात मी तरी पाहिलं नाय, आमच्याकडे बरं नसलं की धणे-जिऱ्याचा कषाय.

आता झोपेचं. खरं सांगायचं तर हा चहा झोपेची गोळी नाय. यात एपिजेनिन म्हणून एक द्रव्य असतं, मेंदूत काही झोपेच्या गोळ्या जिथे जाऊन चिकटतात तिथेच ते चिकटतं, पण फार हलकं. २००९ मधे अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या लोकांनी सतत काळजी करण्याचा आजार असलेल्या ५७ जणांवर ८ आठवडे प्रयोग केला, काहींना कॅमोमाइलच्या अर्काची कॅप्सूल आणि काहींना खोटी, तर अर्कवाल्यांची घालमेल जरा जास्त कमी झाली. पण ती कॅप्सूल होती, चहा नव्हे. माझ्यापुरतं म्हणाल तर शिफ्ट संपवून घरी आल्यावर डोक्यात जो भुंगा चालू असायचा तो कपभर प्यायल्यावर खाली बसायचा, झोप मग आपली आपण यायची. यात कॅफिन नाय, त्यामुळे तुम्ही रात्री साडेनऊचा दुधाचा चहा काढून त्या जागी हा घेत असाल तर निम्मं काम तिथेच झालं.

दीड-दोन चमचे फुलं, छोटा कपभर उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं, आणि झोपायच्या तासभर आधी प्या नायतर बाथरूमसाठीच उठाल. दूध नको. माझ्या आईने पहिल्यांदा दूध-साखर घालून खळखळ उकळला होता, ती चव अजून विसरलो नाय.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. कॅमोमाइल हे शेवंती-झेंडूच्या कुळातलं. आमची मामी चवथीला शेवंतीचे हार ओवायला बसली की शिंकून हैराण होते, तिने कौतुकाने माझा कप उचलला, दोन घोट घेतले आणि ओठ खाजायला लागले, बरं तर बरं तेवढ्यावर निभावलं. शेवंतीची अॅलर्जी असेल तर वाटेला जाऊ नका. रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि महिनोन् महिने झोप नसेल तर चहावर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टर गाठा.

घेताना टी बॅगेपेक्षा अख्खी फुलं घ्या. एक फूल नखाने उभं चिरून बघा, मधला पिवळा घुमट आतून पोकळ असला तर जर्मन कॅमोमाइल, भरीव असला तर दुसरं काहीतरी. घरी आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, पाकिटाला रबर लावून चालत नाय, जुलैत माझी फुलं आठवड्यात सादळली आणि सफरचंदाऐवजी ओल्या गोणपाटाचा वास मारायला लागली.