आळ मिरचीवर, पुडी मात्र खिशात

प्रश्न: ताई, आमचे जिभाऊ म्हणजे मोठे काका, वय ५८, पक्के माळकरी, अंडंसुद्धा कधी खाल्लं नाही आणि दारूचा तर वासही नाही. वर्षभर जेवताना तोंडाची आग व्हायची म्हणून तिखट सोडलं होतं. मागच्या महिन्यात गालात आतून गाठ लागली, तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. तंबाखू-चुना आणि सुपारी एवढीच सवय, तीही शेतात असताना. गावात कुणी म्हणतं काळ्या मसाल्याची तर्री भोवली, कुणी म्हणतं फवारणीचं खाणं. आता एका पाहुण्यांनी सांगितलं की साखर कॅन्सरला पोसते, म्हणून घरात जिभाऊंची साखर, दूध, भात सगळं बंद केलंय. हे बरोबर आहे का? आणि आम्ही बाकीच्यांनी खाण्यात काय बदलायचं?
यावल तालुक्यातून एक वाचक

उत्तर: भाऊ, तुमचं साखरेचं आधी घेते कारण ते आजच करायचंय. जिभाऊंचं दूधभात आज संध्याकाळपासून परत सुरू करा. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोजवर चालते, चांगली पण आणि कॅन्सरची पण, आणि तुम्ही साखर तोडली तरी शरीर भाकरीतून, डाळीतून, काहीच नाही मिळालं तर स्वतःच्या स्नायूंतून ग्लुकोज बनवून घेतंच. म्हणजे उपाशी राहतात ते जिभाऊ, गाठ नाही. वजन उतरलं की ऑपरेशन झेपत नाही, रेडिएशनचे शेक मधेच थांबवावे लागतात. मऊ मुगाची खिचडी, वरून तूप, दही, दाण्याचं कूट घालून पातळ केलेलं काहीबाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. डायबिटीस असेल तर तेवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

आता मिरचीचं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू कडक आणि पांढरट होत जाते, आणि अशा कातडीला तिखट लागलं की आग होते. म्हणजे मिरचीनं बिचारीनं खबर दिली आणि आपण आळ तिच्यावरच घेतला! ती वर्षभराची आग हाच इशारा होता. माझ्याकडं एक गृहस्थ आले होते, त्यांना म्हटलं तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घालून दाखवा, तर दीडच बोट गेलं. घरचे म्हणाले दोन वर्षं झाली, भाकरी दुधात कुस्करूनच खातात, आम्हाला वाटलं दात दुखतात. पुडीचं विचारलं तर हसून म्हणाले, तेन्हामा काय व्हस, म्हणजे त्यानं काय होतंय.

बऱ्याच जणांना अजून वाटतं की तंबाखू नको पण नुसती सुपारी चालते. नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, तिनं २००४ मधेच सुपारीला एकटीलाच कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू त्यात आधीपासून आहेच. चुन्यामुळे निकोटीन लवकर भिनतं, म्हणून तर तलफ सुटत नाही. आणि 'फक्त शेतात' म्हणजे दिवसाचे सात-आठ तास गोळी त्याच गालात, बहुतेक वेळा गाठ पण तिथंच येते. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तर लोक पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या घेऊन तळहातावर मिसळतात. माळ घातली, मांसमच्छी सोडली हे चांगलंच आहे, पण तंबाखूची त्यानं भरपाई होत नाही. घरातल्या आजीची मिसरी पण याच हिशोबात धरा, आणि सगळ्यांनी आज आरशासमोर तीन बोटांची परीक्षा करा, तीन बोटं जात नसतील, पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम असेल तर सरळ डॉक्टरांना दाखवायला जा. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे.

बाकी खाण्याचं म्हणाल तर आपली जुनी खान्देशी थाळी मला आवडते, तिला नावं ठेवणार नाही. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद, त्यातला कोंडा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून राखतो आणि जेवणानंतरची साखरही हळू चढते. सोबत भरीत, कांदा, मुळा, अजून काय पाहिजे! बिघडलं कुठं, तर भाकरीच्या जागी रोज मैद्याचा पाव आला, शेवभाजी पाहुण्यांपुरती होती ती आठवड्यातून चारदा झाली, आणि शेतात पायी जाणारे आपण बांधापर्यंत गाडीवर जायला लागलो. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, असं सांगतात आणि शेव-पापड-लोणच्यात ते कधीच ओलांडून जातं, बीपी तिथून सुरू होतो. पोटाचा घेर फक्त शुगर-हार्टपुरता नाही, वाढलेल्या चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे, बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर त्यातलाच. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला, ओट्यावर बसून गप्पा म्हणजे चालणं नाही. आणि एक शेंगदाण्याचं, बुरशी लागलेले, काळे पडलेले दाणे चटणीत ढकलू नका, त्यातलं विष भाजून पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरच्या कॅन्सरला कारण होतं. फवारणीचं म्हणाल तर भाजी धुऊन घ्या, पण खरी काळजी फवारा मारणाऱ्याची करा, तो तोंडाला रुमाल न बांधता त्याच हातानं तंबाखू मळतो.

प्रश्न: मला शुगर आहे आणि घरची केळीची बाग आहे. केळी पूर्ण बंद का?
रावेरहून एक वाचक

उत्तर: पूर्ण बंद नको काका. लहान केळ, फार पिकलेलं नको, जेवणावर नाही तर मधल्या वेळेला मूठभर दाण्यांसोबत, आणि त्या दिवशी भाकरी थोडी कमी. दोन तासांनी एकदा शुगर तपासून बघा, तुमचं शरीर काय म्हणतं ते कळेल. शिकरण मात्र सोडा, त्यात वरून साखर पडते.