दोन वारा दिसल्या म्हणून जुळी द्विबीज ठरत नाहीत

प्रसूतिगृहाच्या जुन्या नोंदींवरून जुळ्यांच्या जोड्या जमवल्या, पण मधुमेहाच्या बाबतीत एकबीज (एकाच फलित बीजापासून झालेल्या) आणि द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) गटांच्या सहसंबंधात, म्हणजे जोडीतल्या दोघांच्या साम्याच्या मापात, फारसा फरकच पडत नाही, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा काढायचे संख्याशास्त्रीय प्रारूप बदलावे काय, असे आपण विचारले आहे. कृपया प्रारूपाला इतक्यात हात लावू नका. याच खड्ड्यात माझे दीड वर्ष गेले आहे.

कोल्हापुरातल्या ज्या कार्यालयातून मी नोंदी घेतल्या, तिथे वारा (गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) दोन असल्या की जोडी 'वेगळी', म्हणजे द्विबीज, असा शेरा मारलेला असे. हा शेरा कशावरून, हे विचारायला तीन हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी 'रजिस्टरात आहे तेच खरे' एवढेच ऐकायला मिळाले. प्रत्यक्षात फलित बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगले, तर एकबीज जुळ्यांनाही स्वतंत्र वारा असतात, आणि एकबीज जुळ्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश अशी असतात. गंगावेशीतल्या पन्नाशीच्या दोन भावांना मी द्विबीज गटात टाकले होते. त्यांची आई चहा देताना सहज म्हणाली, "एकाच्या खोडीचा मार मास्तर दुसऱ्याला द्यायचे." तेव्हा माझे डोळे उघडले.

या चुकीची किंमत मोजून पाहा. एकबीज आणि द्विबीज गटांचे खरे सहसंबंध अनुक्रमे ०.७ आणि ०.४ असतील, तर फाल्कनरच्या सूत्राने (दोन सहसंबंधांतल्या फरकाची दुप्पट) आनुवंशिकतेचा वाटा ०.६ येतो. द्विबीज म्हणून नोंदलेल्यांत पाव जोड्या एकबीज निघाल्या, तर ढोबळमानाने ०.४ चे ०.४७५ होतात आणि वाटा ०.४५ वर घसरतो. हा घटलेला वाटा सगळा सामाईक वातावरणाच्या, म्हणजे दोघे ज्या एकाच घरात वाढले त्याच्या, खात्यात जमा होतो, आणि आपण घरच्या जेवणावर परिच्छेद लिहीत बसतो. मी तसा लिहिलाही होता.

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, डॉक्टर नव्हे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा. मुलगा-मुलगी अशा जोड्या द्विबीजच धरा. समलिंगी जोड्यांना मात्र लहानपणी ओळखीची माणसे तुमची गल्लत करत होती का, हे दोघांनाही वेगवेगळे विचारा. अशा प्रश्नावलीचा निकाल साधारण ९५ टक्के जोड्यांत डीएनए चाचणीशी जुळतो, त्यामुळे चाचणीचा खर्च संशयास्पद जोड्यांपुरताच करावा, असे माझे ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट, मूळ प्रश्नाला थोडी सोडून: काही जोड्या मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातून घेतल्या असतील, तर उंबरठा (आजाराकडचा कल ज्या पातळीपुढे गेला की आजार झाला असे प्रारूप धरते, ती पातळी) त्या नमुन्यावरून काढू नका, तो लोकसंख्येतील मधुमेहाच्या प्रमाणावरून निश्चित करा आणि निवडीची पद्धतही प्रारूपात धरा.