वालुकाश्मातला भ्रंश मॅग्नेटोमीटरला सापडेल का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वरोरा-भद्रावती पट्ट्यातल्या गोंडवाना खडकांत (जुन्या, कोळशाच्या पट्ट्यातल्या गाळखडकांत) भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजूंचे खडक सरकलेत अशी भेग, शोधायचा आहे आणि विभागात चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर पडून आहे, तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. वालुकाश्म काय आणि शेल (चिखलापासून झालेला पापुद्र्यांचा खडक) काय, मॅग्नेटोमीटरपुढे दोन्ही जवळजवळ मुकेच. कामठी या गोंडवाना थराचा लाल दगड बघूनही हुरळू नका. तो रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा, आणि त्याचं चुंबकत्व अगदी दुबळं. वर बेसॉल्टचे गोटे असले तर आलेखात तेच नाचतील.

मुळात भ्रंश कुठल्याच यंत्राला दिसत नाही, फरक दिसतो. एका बाजूला बराकार या गोंडवाना थराचा वालुकाश्म आणि सरकून समोर आलेला शेल, किंवा भेगेत साचलेली चिकणमाती नि पाणी. दोन्हीकडे एकच वालुकाश्म आणि भेग कोरडी, तर पैसे वाया. म्हणून आधी नकाशा आणि जवळच्या विहिरी-बोअरचे थर बघा.

मी रेझिस्टिव्हिटी इमेजिंगच घेईन, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडकांचा विद्युतरोध मोजायचा, तेही डायपोल-डायपोल (इलेक्ट्रोडच्या जोड्यांच्या) मांडणीने, कारण खडकांमधल्या उभ्या सीमा तीत चांगल्या उठतात. ४८ इलेक्ट्रोड ५ मीटरवर ठोकले तर ओळ २३५ मीटरची होते आणि मधोमध साधारण ४० मीटर खोलीपर्यंतचं हाती लागतं. ओळ भ्रंशाला आडवी हवी. आणि एका ओळीवर 'भ्रंश' लिहून मोकळे होऊ नका. जुन्या नदीपात्राची वाळूही हुबेहूब तसंच चित्र देते. समांतर तीन ओळींत तीच जागा सरळ रेषेत आली, तर बोला. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत इलेक्ट्रोडला संपर्कच मिळत नाही, मिठाचं पाणी ओतत बसावं लागतं. दिवाळीनंतर जा. जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार, कुणी फुकट दिला तरी नको, काळी माती त्याचा सिग्नल गिळते.

व्हीएलएफ, म्हणजे दूरच्या केंद्रांच्या अतिकमी वारंवारतेच्या रेडिओलहरी वापरणारं यंत्र, मिळालं तर आधी ते फिरवा, दिवसात कितीतरी ओळी होतात. तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नौदल केंद्राची १८.२ किलोहर्ट्झची लहर आपल्याला जवळजवळ दक्षिणेकडून येते, त्यामुळे उत्तर-दक्षिण धावणारे भ्रंश बरे दिसतात, पूर्व-पश्चिमेचे नाहीत. मात्र विजेच्या तारा आणि कुंपणं वहीत टिपून ठेवा. मी एकदा दोन दिवस ज्या सुंदर 'भ्रंशा'मागे धावलो, ते संत्र्याच्या बागेचं काटेरी तारेचं कुंपण निघालं.

हातोडा-जिओफोनच्या सिस्मिकचा (हातोडा आपटून जमिनीतले कंप जिओफोनने टिपायचे) मोह होईल. पण कंपलहरीचा वेग सेकंदाला २००० मीटर आणि वारंवारता ८० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी २५ मीटर येते. तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे सहाएक मीटरपेक्षा, कमी सरकलेला थर त्यात नीट उठत नाही. तुमचा भ्रंश किती सरकलाय याचा काही अंदाज आहे का?