परदेशातली कसोटी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भारतीय संघाच्या परदेश दौऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेक पत्रांत तक्रारीचा सूर आहे आणि तो मी समजू शकतो. पहाटे पाचला उठून मेलबर्नचा सामना लावावा आणि चहा होईपर्यंत तीन गडी बाद झालेले पाहावेत, हे दुःख आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आलेले आहे.

प्रश्न : मायदेशात धावांच्या राशी ओतणारे आपले फलंदाज इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या पहिल्याच कसोटीत चाचपडताना दिसतात. हे मनावरचे दडपण म्हणायचे, की तंत्रातच काही उणे असते?

दडपण असतेच, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक भाग सवयीचा आहे. आपल्याकडच्या खेळपट्टीवर चांगल्या टप्प्याचा चेंडू बहुधा यष्टींवरच येतो, त्यामुळे तो खेळावाच लागतो. लहानपणापासून हजारो वेळा पुढचा पाय टाकून आणि हात थोडे पुढे नेऊन फलंदाजाने तो अडवलेला असतो. ऑस्ट्रेलियात त्याच टप्प्याचा चेंडू उसळून यष्टींच्या वरून निघून जातो, म्हणून तिथे टप्पा पाहून तो सोडून देता येतो. इंग्लंडमध्ये उसळी तेवढी नसते. तिथे दिशा पाहावी लागते आणि आपला ऑफस्टंप, म्हणजे बॅटच्या बाजूची बाहेरची यष्टी, नेमका कुठे आहे, हे पायांना पक्के ठाऊक असावे लागते. म्हणजे एकच फलंदाज डिसेंबरात मेलबर्नला आणि जूनमध्ये लीड्सला खेळला, तर चेंडू कोणता सोडायचा, हे त्याला दोन्हीकडे नव्याने शिकावे लागते.

त्यात चेंडूही बदलतो. इंग्लंडमधल्या ड्यूक्स चेंडूची शिवण सगळी हाताने घातलेली आणि उठावदार असते, त्याची लकाकी बराच वेळ टिकते, आणि आकाश भरून आले की तो पन्नासाव्या षटकातही वळू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूच्या मधल्या दोन ओळी हाताने आणि बाहेरच्या ओळी यंत्राने शिवलेल्या असतात. त्याची शिवण लवकर दबते, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस षटके निभावून नेली की पुढे धावा करता येतात. घरच्या हंगामात आपले खेळाडू एसजी चेंडूवर खेळतात, आणि त्याची तऱ्हा या दोन्हींहून निराळी आहे.

ज्यांना ही सवय मोडता आली, त्यांचे उदाहरण म्हणून मी नेहमी २००२ ची लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावरची कसोटी सांगतो. ढगाळ हवा आणि गवताळ खेळपट्टी असतानाही सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. तेंडुलकरच्या १९३ आणि गांगुलीच्या १२८ धावा सगळ्यांना आठवतात, द्रविडच्या १४८ धावाही आठवतात. पण ज्याने पहिल्या दिवशी द्रविडच्या साथीने नवा चेंडू जुना करून ठेवला, त्या संजय बांगरच्या ६८ धावांचा उल्लेख फारसा होत नाही. त्या दिवशी बांगरने काय केले? बॅट शरीराजवळ ठेवली, चेंडू डोळ्यांखाली येऊ दिला आणि बाहेरचा प्रत्येक चेंडू निःसंकोचपणे यष्टिरक्षकाकडे जाऊ दिला. भारताने ८ बाद ६२८ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव ४६ धावांनी जिंकला. परदेशातल्या शतकांची यादी करताना असे साठ-सत्तर धावांचे डावही लिहून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पूर्वी दौऱ्यात कौंटी आणि राज्य संघांशी कितीतरी सामने होत. आता संघ विमानातून उतरतो आणि थेट कसोटी खेळतो. सराव सामने खरोखरच इतके आवश्यक आहेत का?

आहेत, आणि या बाबतीत माझे मत ठाम आहे. १९३२ साली आपला संघ इंग्लंडला गेला, तेव्हा सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली लॉर्ड्सवर एकच कसोटी झाली आणि तिच्या मागेपुढे सुमारे पंचवीस प्रथमश्रेणी सामने होते. बोटीने जाण्याचा तो काळ परत येणार नाही, हे मलाही कळते. परंतु तीन-चार दिवसांचा एक तरी खरा सामना, समोर परका संघ आणि धावफलकाला अर्थ असलेला, पहिल्या कसोटीआधी व्हायला हवा. आपल्याच संघाचे दोन भाग पाडून खेळलेल्या सामन्यात बाद झालेला फलंदाज थोड्या वेळाने पुन्हा खेळायला येऊ शकतो. बाद झाल्यावर दिवसभर तंबूत बसून राहण्याची जी धास्ती फलंदाजाला चेंडू सोडायला शिकवते, ती तिथे नसते.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. सराव सामन्यांचा खरा आधार पहिल्या अकरांपेक्षा राखीव खेळाडूंना असतो. अकरांना निदान कसोटी तरी खेळायला मिळते. बाराव्या ते अठराव्या खेळाडूला आठवडेच्या आठवडे नेटमधली गोलंदाजी आणि मैदानात पाणी नेणे, एवढेच हाती उरते आणि मग एखाद्या सकाळी अचानक त्याला सांगण्यात येते की आज तुला खेळायचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला हेच घडले. बुमरा, शमी, उमेश यादव, अश्विन, जडेजा हे सगळे जायबंदी होते, आणि जे पाच गोलंदाज मैदानात उतरले, त्यांच्या नावावर त्याआधीच्या सगळ्या मिळून केवळ चार कसोट्या होत्या. वॉशिंग्टन सुंदर आणि नटराजन तर नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी थांबवून घेतलेले खेळाडू. तरीही पहिल्या डावात ६ बाद १८६ अशी स्थिती असताना सुंदर आणि शार्दूल ठाकूर यांनी १२३ धावांची भागीदारी केली, दुसऱ्या डावात सिराजने पाच बळी घेतले, आणि १९८८ पासून ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया एकही कसोटी हरली नव्हती, तिथे आपण ३२८ चे लक्ष्य गाठले. याला चमत्कार म्हणायची पद्धत आहे. मला त्यात दोन महिन्यांचा मुक्काम दिसतो. ही मुले तोवर ऑस्ट्रेलियातच होती. तिथल्या उसळीवर रोज गोलंदाजी करत होती आणि तिथला चेंडू त्यांच्या बोटांना परिचित झाला होता.

भारत ‘अ’ या दुसऱ्या फळीच्या संघाचे दौरे ही उणीव काही अंशी भरून काढतात, म्हणून ते कमी होऊ देऊ नयेत.

प्रश्न : ॲडलेडचा ३६ धावांचा डाव मी पाहिला आणि माझ्या वडिलांनी १९७४ चा ४२ धावांचा डाव रेडिओवर ऐकला. या दोहोंत अधिक लाजिरवाणा कोणता?

लाजिरवाणा हा शब्द मी दोन्हीसाठी वापरणार नाही. पण दोहोंतला फरक समजून घेण्यासारखा आहे. १९७४ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडने ६२९ धावा केल्या होत्या, आपण फॉलोऑन घेऊन, म्हणजे मोठ्या पिछाडीमुळे लगेच दुसरा डाव, खेळत होतो, आणि ४२ धावांत डाव आटोपण्याआधीच सामना हातून गेलेला होता. पुढची कसोटीही आपण डावाने हरलो आणि तीन वर्षांपूर्वी वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधार अजित वाडेकरांची कसोटी कारकीर्द त्या दौऱ्याबरोबर संपली. ॲडलेडला १९ डिसेंबर २०२० रोजी मात्र पहिल्या डावाची ५३ धावांची आघाडी आपल्याकडे होती. तिथे एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. हेझलवूडने आठ धावांत पाच गडी बाद केले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरच्या आठवड्यात काय झाले, ते. कोहली पितृत्व रजेवर मायदेशी परतला, शमी जायबंदी झाला. ३६ धावांत बाद झालेला कोणताही संघ पुढच्या सामन्यासाठी एक फलंदाज वाढवेल. कोहलीऐवजी कर्णधार झालेला रहाणे आणि संघ व्यवस्थापन यांनी कोहलीच्या जागी जडेजाला घेऊन पाचवा गोलंदाज वाढवला. सामना जिंकायचा तर वीस बळी लागतात, हा विचार इतक्या वाईट पराभवानंतरही त्यांनी सोडला नाही. मेलबर्नला रहाणेने ११२ धावा केल्या, जडेजाने त्याला साथ देत अर्धशतक केले आणि आपण आठ गडी राखून जिंकलो.

जुन्या वाचकांना १९५२ चे हेडिंग्लेही आठवत असेल. दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद : पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावात १३३ धावा केलेले विजय मांजरेकर. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने त्यांतले तीन गडी बाद केले होते. तिथून कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतके करून डाव १६५ पर्यंत नेला. सामना आपण हरलो. पण शून्यावर चार अशा अवस्थेनंतर डाव सावरणाऱ्या त्या दोघांच्या धीराला मी फार मानतो.

प्रश्न : १९७१ साली किंग्स्टनला आपल्याकडे अवघी १७० धावांची आघाडी असताना वेस्ट इंडीजला फॉलोऑन कसा देता आला? त्यासाठी २०० धावा लागतात ना?

पाच दिवसांच्या सामन्यात २०० लागतात. तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यात १५० पुरतात. पावसामुळे सामन्याचा पहिला दिवस पूर्णपणे वाया गेला, तर उरलेल्या दिवसांची संख्या धरून नियम लागू होतो. नंतरचा एखादा दिवस वाया गेला, तर मात्र ही सवलत मिळत नाही. किंग्स्टनला पहिला दिवस पावसाने गेला होता, म्हणून तो सामना चार दिवसांचा ठरला. आधी आपलीच अवस्था ५ बाद ७५ अशी होती. दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या, एकनाथ सोलकरने ६१ करून त्यांना साथ दिली आणि डाव ३८७ पर्यंत गेला. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपला. वाडेकरांनी नियम नीट लक्षात ठेवला होता. ते स्वतः वेस्ट इंडीजच्या खोलीत गेले आणि त्यांचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजी करायला सांगितले.

सामना अनिर्णित राहिला. कन्हायने नाबाद १५८ धावा केल्या आणि सोबर्सनेही किल्ला लढवला. परंतु वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची ती आपली पहिलीच वेळ होती, आणि त्या मालिकेत पुढे पोर्ट ऑफ स्पेनला जो विजय मिळाला, त्यामागचा आत्मविश्वास मला त्या खोलीच्या दारापाशी आलेला दिसतो. एकही चेंडू न टाकता प्रतिस्पर्ध्याला बचावात ढकलणारा कर्णधार विरळाच.

प्रश्न : परदेशात दोन फिरकी गोलंदाज खेळवावेत का?

खेळपट्टी पाहून ठरवावे, पण ‘परदेश म्हणजे चार वेगवान’ असे गणित आधीच मांडून जाऊ नये. वर सांगितलेल्या हेडिंग्लेच्या विजयात कुंबळे आणि हरभजन दोघेही होते. लंडनच्या ओव्हल मैदानावर १९७१ साली चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी बाद केले, तेव्हा दुसऱ्या टोकाकडूनही फिरकीच होती. २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यात अश्विन चारही कसोट्यांत बाहेर बसला, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना खेळायला आला. अशा वेळी बदली फलंदाज का देत नाहीत?

सध्याच्या नियमांनुसार कसोटीत पूर्ण बदली खेळाडू मिळतो तो डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला तरच. ही तरतूद २०१९ पासून आहे. इतर दुखापतींत बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो आणि पंचांच्या संमतीने यष्टिरक्षणही करू शकतो, म्हणूनच ध्रुव जुरेलला पंतच्या जागी यष्टींमागे उभे राहता आले. फलंदाजी आणि गोलंदाजी मात्र त्याला करता येत नाही.

हा नियम बदलावा, असे माझे मत आहे. चेंडू लागून हाड मोडणे ही उघड दिसणारी, क्ष-किरण तपासणीने सिद्ध होणारी दुखापत आहे. तिचे सोंग आणता येत नाही. स्नायू दुखावल्याची सबब सांगून ताजा गोलंदाज आणण्याची जी भीती व्यक्त केली जाते, ती अशा दुखापतींना लागू होत नाही. त्याच मालिकेत ओव्हलच्या शेवटच्या सकाळी इंग्लंडचा ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरखाली बांधून खेळायला उतरला. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण धावा काढताना त्याच्या चेहऱ्यावरची वेदना स्पष्ट दिसत होती. थोड्याच वेळात सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला आणि मालिका २-२ अशी सुटली. तो विजय मला अतिशय प्रिय आहे. तरीही वोक्सच्या जागी एखादा धडधाकट फलंदाज उभा असता आणि आपण त्यालाही बाद करून जिंकलो असतो, तर मला अधिक आवडले असते.