सेल्फ मारला की नुसतं ‘खट्ट’: जुन्या ट्रॅक्टरच्या स्टार्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा तीन सिलिंडरचा ३५ एचपी ट्रॅक्टर २००१ सालचा आहे. सकाळी पहिल्या झटक्यात चालू होतो. दोन तास रोटाव्हेटर मारून बंद केला, की मग सेल्फ घेत नाही, एकदाच ‘खट्ट’ वाजतं. अर्ध्या तासाने पुन्हा घेतो. बॅटरी गेल्या दिवाळीत नवीन टाकली आहे. दुकानदार म्हणतो, स्टार्टरच बदला. (एक वाचक, ता. निफाड)

उत्तर : एवढ्यात पैसे काढू नका. तुमच्या वर्णनातच निम्मं निदान आहे. बॅटरी कमजोर असती तर ट्रॅक्टर सकाळी अडला असता. इंजिन गार, ऑइल घट्ट, ओढ जास्त, तरी तेव्हा तो चालतो. गरम झाल्यावर अडतो याचा अर्थ उष्णतेने काहीतरी बिघडतंय. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ६० अंशांनी तापलेल्या तारेत तो जवळजवळ पाव पटीने जास्त होतो. सकाळी कसाबसा निभावणारा ढिला किंवा गंजलेला जोड दुपारी हात टेकतो. दुसरा संशयित आहे स्टार्टरचा बुश (मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ते ब्रॉंझचं कडं), त्याच्याकडे नंतर येऊ.

आवाजही ऐका. एकच ‘खट्ट’ म्हणजे किल्ली, सेफ्टी स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारा) आणि सोलेनॉइडची (स्टार्टरला बॅटरीचा मोठा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल काम करतायत, बिघाड त्यापुढे, जाड लाइनमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला असता तर बॅटरी उतरलेली किंवा सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली, असं म्हटलं असतं.

आता मल्टीमीटर घ्या आणि ट्रॅक्टर अडलेला असतानाच मोजा. गार झाल्यावर मोजलेलं काही कामाचं नाही. गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद, हँडब्रेक लावलेला, चाकाला दगड, आणि इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवलेला, म्हणजे ते सुरू होणार नाही. किल्ली फिरवायला एक माणूस हवा. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद पुरे.

सुरुवात बॅटरीपासून. मीटरच्या पिना क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या खुंटावर टेकवा. बंद स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवं. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी मेली आहे किंवा मोटर अडकून नको तेवढा करंट ओढतेय. उलट ‘खट्ट’ वाजूनही १२ च्या वरच राहिलं, तर करंट पुढे जातच नाहीये.

मग मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून, किल्ली फिरवलेली असताना, तीन ठिकाणं तपासा. बॅटरीचा प्लस खुंट ते सोलेनॉइडचा बॅटरीकडचा जाड बोल्ट: ०.३ पर्यंत ठीक. सोलेनॉइडचे दोन्ही जाड बोल्ट एकमेकांत: हेही ०.३ पर्यंत. बॅटरीचा मायनस खुंट ते स्टार्टरची बॉडी (रंग खरवडून): ०.३ पर्यंत. जिथे आकडा यापेक्षा बराच मोठा येईल, तिथेच तुमचा चोर. ओहम मोजून हा चोर सापडत नाही. २५० अॅम्पिअर करंटला ०.००४ ओहमचा जोड पूर्ण एक व्होल्ट खातो, आणि एवढा बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही.

आमचा पहिला संशय अर्थिंगवर. बॅटरीची मायनस पट्टी बऱ्याचदा रंग लावलेल्या पत्र्याच्या ट्रेला कसलेली असते. ती काढा आणि ५० चौरस मिमीची तांब्याची केबल थेट इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या चकचकीत घासलेल्या जागी कसा. वेल्डिंगची केबल चालते, पण विकत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, परत द्या. जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा, आधी नाही. कुठलंही काम करताना मायनस आधी सोडायचा आणि शेवटी लावायचा.

सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये ‘खट्ट’ वाजल्यावरही ११-१२ व्होल्ट दिसत असतील, तर आतली तांब्याची चकती आणि बोल्टांची डोकी जळून खड्डे पडलेत. ज्या सोलेनॉइडचं झाकण उघडतं, त्यात चकती उलटवून आणि बोल्ट अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू वापरता येते. झाकणाशी कॉइलची तार झाळलेली असते, ती आधी सोडवा. बाहेरचा नट कसताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर बोल्ट आतच फिरतो आणि तार तुटते.

तिन्ही आकडे चांगले आले आणि मोटरच्या बोल्टवर भरपूर व्होल्टेज पोहोचत असूनही ती फिरत नसेल, तरच स्टार्टर उतरवा. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) पत्र्यांवर घासल्याचा चकाकता पट्टा दिसला तर बुश झिजलाय, गरम झाल्यावर आर्मेचर भोवतीच्या स्थिर फील्डच्या खुरांना टेकतं. नवा ब्रॉंझ बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवा. त्याला ग्रीस लावू नका, त्याची छिद्रं बुजतात. कार्बन (ब्रश) निम्म्याहून कमी उरले असतील तर चारही एकदम बदला आणि स्प्रिंगही तपासा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) बारीक काचपेपरने पुसा, एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधला मायका मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच खोल करा. डायनामोत मायका खोल करायची सवय स्टार्टरवर चालवणारे कारागीर पुष्कळ आहेत.

प्रश्न : सेल्फ जोरात घरघर फिरतो, पण इंजिन हलत नाही. चार-पाच वेळा मारल्यावर एकदा पकडतो.

उत्तर : मोटर चांगली आहे, दात पकडत नाहीत. पुढच्या वेळी अडला की किल्ली काढून, पंख्याच्या पुलीने इंजिन थोडं हाताने फिरवा आणि पुन्हा मारा. लगेच पकडला तर रिंग गिअर (फ्लायव्हीलवरचं दातेरी कडं) त्या जागी झिजलाय. इंजिन बंद होताना ठरावीक ठिकाणीच थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागी, चार सिलिंडरचं दोन जागी, म्हणून झीजही तिथेच. रिंग बदलायला ट्रॅक्टर फोडावा (इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं करावं) लागतो, तेव्हा क्लच प्लेटच्या कामाबरोबर उरकलेलं बरं.

कुठेही थांबला तरी सटकत असेल तर बेंडिक्सचा (स्टार्टरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, पुढे नेणाऱ्या भागाचा) क्लच गेला. पिनियन एका बाजूला मोकळा फिरायला हवा, दुसऱ्या बाजूला घट्ट धरायला हवा. बेंडिक्स डिझेलमध्ये बुडवून धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

प्रश्न : किल्ली फिरवली तर काहीच होत नाही, ‘खट्ट’सुद्धा नाही. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट केला की झटक्यात चालू. असंच चालवलं तर?

उत्तर : नको. त्यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो. चुकून गिअर राहिला असेल तर इंजिन पकडताच ट्रॅक्टर पुढे सरकतो, आणि तुम्ही मागच्या चाकासमोर उभे असता.

सोलेनॉइड ओढताना क्षणभर ३०-४० अॅम्पिअर मागतो, जुनी किल्ली ते झेपत नाही. आधी सेफ्टी स्विचच्या वायरी आणि जोड बघा. ते ठीक असतील तर १२ व्होल्टचा ४० अॅम्पिअरचा चार पिनांचा रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. ३० नंबरला बॅटरीची लाइन फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला, दोन्हीला ४ चौरस मिमीची वायर. सोलेनॉइडवर आधी येणारी वायर ८६ ला, ८५ अर्थला. ती वायर सेफ्टी स्विचमधूनच येते, त्यामुळे संरक्षण शाबूत राहतं. रिले सायलेन्सरपासून लांब, पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.