त्या दोन वर्षांचा हिशेब

चिरंजीवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सहा पानी पत्र दोनदा वाचलं. 'लॉकडाऊनमध्ये कुणी गिटार शिकलं, कुणी कोडिंग. मी नुसती छताकडे बघत लोळले. माझी वाढ चौदाव्या वर्षीच थांबली,' असं लिहिलं आहेस. आधी माझ्या दोन चुका कबूल करते, मग तुझ्या हिशेबाकडे वळू.

ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवलास म्हणून मी तुला सगळ्यांदेखत बोलले होते. वाटलं, पोरगी पांघरुणात पडून हजेरी लावतेय. आता कळतंय की चाळीस मिनिटं स्वतःचाच चेहरा समोर, म्हणून तू तेवढ्या चौकोनावर कागदाचा कपटा चिकटवायचीस. तो गळून पडला की सगळं लक्ष पुन्हा नाकावरच्या पुटकुळीकडे. शेवटी कॅमेराच बंद केलास. ठीकच केलंस. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात सतत स्वतःला बघत राहणं हे एक होतं. आम्ही मोठी माणसं त्याने थकत होतो, तर चौदाव्या वर्षी काय होत असेल? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दुसरी चूक न्यूटनची. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन घरी बसला आणि केवढं काम करून गेला, हे मी तुम्हाला किती उत्साहाने ऐकवलं होतं! तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, पदवी घेतलेला, आणि मुळातच एकलकोंडा, एवढं मात्र सांगायचं राहिलं. मधली सुट्टी हुकली म्हणून त्याचं काही अडलं नव्हतं.

तुझं अडलं. मार्च २०२० नंतर जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले. मोठ्यांना काळजी लागली ती बुडालेल्या धड्यांची. धडे काय, पुढे कधीतरी भरून निघतात. मधल्या सुट्टीत जे घडतं त्याला पुस्तकच नसतं. अकरा वाजता मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण होतं आणि साडेअकराला तिच्याच शेजारी बसायचं असतं. बाक तोच, पट्टी एकच. मग कुणीतरी आधी पट्टी पुढे सरकवतं. माफी मागितली जात नाही, पण पट्टी सरकते. असं शेकडो वेळा झालं की रुसवा काढायचा कसा, गप्प बसायचं कधी, टोमणा हसण्यावारी न्यायचा की नाही, हे अंगात मुरतं. तुमच्या भांडणांना पट्टीच नव्हती. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही, तू ग्रुप सोडलास. विषय संपला आणि ती मैत्रीणही गेली.

म्हणून आज चार लोकांत तुझी जीभ टाळ्याला चिकटते. तू त्याला 'माझ्यातच काहीतरी बिघाड आहे' म्हणतेस. मला तो बिघाड वाटत नाही, सराव बुडालाय. पोहायला उशिरा शिकणारी माणसं थोडं जास्त पाणी पितात, इतकंच.

आणि एकटी तूच खचली होतीस असं समजू नकोस. जगभरातले २९ अभ्यास, ८०,००० हून अधिक मुलं, असा एक एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चारांतल्या एकात नैराश्याची आणि दर पाचांतल्या एकात चिंतेची ठळक लक्षणं दिसली. गिटारवाल्या मुलांचे व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोहोचले. छताकडे बघणाऱ्यांचे कोण काढणार?

पत्राच्या चौथ्या पानावर, कंसात, तू एक ओळ लिहिली आहेस: घरात आवाज चढले की धाकट्याला आतल्या खोलीत नेऊन गोष्ट सांगायचीस, आणि गोष्टी संपल्या तेव्हा त्याच त्या शेवट बदलून सांगितल्यास. तुझ्या हिशेबात ही ओळ कुठेच नाही. ती मला जमेला धरायची आहे. पण नुसती पाठ थोपटून मी मोकळी होणार नाही. भिंतीपलीकडचं भांडण झाकणं हे चौदा वर्षांच्या मुलीचं काम नव्हतं. त्याचा राग येत असेल तर येऊ दे.

आता झोपेबद्दल. तीनला झोपतेस, अकराला उठतेस, हे अजून चालूच आहे म्हणतेस. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच रात्री उशिरा वाढतं, त्यात सकाळची शाळाच नाही म्हटल्यावर घड्याळ आणखी घसरलं. लवकर झोपायचा अट्टहास सोड. उठायची वेळ धर, रविवारीसुद्धा तीच, आणि उठल्याबरोबर अर्धा तास उजेडात जा. रात्र हळूहळू मागे सरकेल. पहिला आठवडा वाईट जाईल, चिडचिड होईल, घरच्यांना आधीच सांगून ठेव.

बोलण्याचा सराव छोट्या मापाने कर. आठवड्यातून एकदा एखादी गोष्ट पटली नाही तर ती समोरासमोर सांग, आणि मग जी अवघडलेली शांतता पसरते तिच्यात फोन न काढता बसून राहा. त्या शांततेतच खरं शिकणं आहे. मनःस्थिती सुधारली की करीन, असं म्हणू नकोस. ती बऱ्याचदा कृतीच्या मागून येते.

एक गोष्ट मात्र सरावावर सोडायची नाही. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, आवडती कामंही नकोशी झाली, जेवण-झोप बिघडली, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठ. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. आणि जगणं नको असं मनात आलं, अगदी ओझरतंही, तर त्याच दिवशी जवळच्या मोठ्या माणसाला सांग, एकटी राहू नकोस. तेव्हा मला पत्र लिहीत बसू नकोस.

त्या मैत्रिणीचा नंबर अजून आहे ना तुझ्याकडे? पाच वर्षांनी काय बोलायचं, असं विचारलंस. पट्टी सरकवताना तरी कोण काय बोलायचं?

शनिवारी ये. येण्याआधी फोन कर, मेसेज नको. फोनवर बोलायला अवघड वाटलं तर तेही फोनवरच सांग.

तुझी,
बाई