स्नायूचं नाव आणि त्याची दोन टोकं

प्रश्न : मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. स्नायूंची लांबलचक नावं आणि ते कुठे जोडलेले असतात, हे पाठ करता करता जीव मेटाकुटीला येतो. दुसरं, आखाजीला खापरावरचे मांडे केले की आईचं कोपर बाहेरच्या बाजूने ठणकतं. राबतं मनगट, मग दुखतं कोपर, असं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : बेटा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर आईच्या हातातच आहे. जळगावात फिजिओथेरपी करताना आखाजीनंतर "मना हात दुखस" म्हणत येणाऱ्या बाया मी दरवर्षी बघते. पुरणाचा मांडा पालथ्या हातांवर झेलत मोठा करताना मनगट सतत वर उचललेलं असतं. ते उचलून धरणाऱ्यांपैकी एक म्हणजे एक्स्टेन्सर कार्पी रेडियॅलिस ब्रेव्हिस. नाव फोडून बघ : ताठ करणारा, मनगटाचा, रेडियस हाडाच्या म्हणजे अंगठ्याच्या बाजूचा, आखूड. आखूड का, तर शेजारी लाँगस म्हणजे लांब भाऊबंद आहे म्हणून.

काम, जागा, लांबी, सगळं आलं. पण तो निघतो कुठून हे नावात नाही. तो निघतो दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावरून, आणि संपतो मधल्या बोटाच्या रेषेतल्या तळहाताच्या हाडाच्या बुडाशी. बोटं ताठ करणारा स्नायूही त्याच उंचवट्यावरून निघतो. मनगटाचा सगळा ताण तिथल्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर येतो, म्हणून दुखतं कोपर.

काही नावं मात्र टोकांसकट येतात. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड : छातीचं मधलं हाड, गळपट्टीचं हाड आणि कानामागचा उंचवटा. मान उजवीकडे वळव, डाव्या बाजूला तो दोरीसारखा उठेल. डेल्टॉइडला त्याच्या त्रिकोणी आकारावरून नाव मिळालं, ग्रीक डेल्टा अक्षरासारखा. बायसेप्सचं नाव एवढंच सांगतं की त्याला दोन शिरं आहेत. दोन्ही खांद्याच्या पात्यावरून निघतात, पण शेवट रेडियसवर. हे शेवटचं टोक फार महत्त्वाचं. कोपर काटकोनात वाकव, दुसऱ्या हाताने दंड धर आणि पालथा तळहात उताणा कर. बायसेप्स टणक होईल, कारण तो रेडियसला फिरवतो. निव्वळ 'कोपर वाकवतो' एवढंच पाठ केलंस तर हे निसटतं.

शरीरात ६०० हून अधिक असे स्नायू आहेत. आधी दोन्ही टोकांची हाडं स्वतःच्या अंगावर चाचप, मधली ओढ कोणत्या दिशेने बसते ते बघ, आणि मग नाव घे. पुस्तकातला तक्ता त्यानंतर उघड.

आता आईचं. तिला कोपर सरळ ठेवून मनगट वर उचलायला सांग आणि तू हाताच्या पाठीवरून हलकेच खाली दाब. त्याच उंचवट्यावर कळ आली, तर दुखणं बहुधा तिथलंच. काही आठवडे मांडे, धुणं पिळणं, जड बादली बंद, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून घे. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटांतली पकड कमी वाटत असेल, तर थांबू नका, आधी डॉक्टरांकडे जा.